सोडून जाणे, सोबत नेणे

१

एखादा समूह सोडून जाण्याचा अधिकार व्यक्तीला असतो, हे आधुनिक विचाराने जवळजवळ गृहीत धरले आहे. मात्र समूह सोडताना आपण नेमके काय मागे ठेवतो, काय बरोबर घेतो आणि जे बरोबर घेतो त्यावर एकट्या आपलाच हक्क असतो काय, हे प्रश्न त्या मानाने क्वचित विचारले जातात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार करायचा आहे. त्याचे निमित्त तसे लहान आहे; परंतु नैतिक प्रश्न बहुधा लहान निमित्तांनीच आपल्यासमोर येतात.

नांदेड आणि लातूर येथे मराठी विषय घेऊन शिकलेल्या आजी-माजी विद्यार्थ्यांचे एक वाचनमंडळ २०१३ पासून एका व्यापारी समाजमाध्यमावर चालत होते. प्रस्तुत लेखिका त्याची पहिल्यापासूनची सभासद. महिन्याला एक पुस्तक ठरवायचे, त्यावर प्रत्येकाने चार-सहा परिच्छेद लिहायचे आणि इतरांनी त्यांवर प्रतिसाद द्यायचा, असा साधा क्रम होता. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू झाली. त्या दिवसांत पुस्तक बाजूला राहिले आणि लातूरच्या विद्यार्थ्यांनी पाण्याविषयी टिपणे लिहायला सुरुवात केली. टँकरच्या रांगेतले बोलणे, पाणी मोजण्याचे घरोघरचे शब्द, पाहुणा दारात दिसला की घरातल्या बाईच्या चेहऱ्यावर उमटणारा हिशेब, असे बरेच काही त्यांत होते. गोदावरीकाठच्या नांदेडच्या मुलांनी त्यांना उत्तरे दिली, काही वेळा वादही घातला. सत्तरएक टिपणे आणि त्यांभोवतीचे प्रतिसाद यांतून जे तयार झाले ते कोणा एकाचे लेखन नव्हते.

२०२२ साली यांतील काही टिपणे एकाएकी दिसेनाशी झाली. कारण कळले नाही. विचारायचे कोणाला, हेही कळले नाही. अकरा दिवसांनी ती जशी गेली तशीच परत आली. तेव्हा पुण्यात संगणकाच्या व्यवसायात असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने प्रस्ताव मांडला, की आपण हे ठिकाण सोडावे आणि स्वतःच्या सर्व्हरवर, विकेंद्रित पद्धतीच्या जाळ्यात, मंडळ पुन्हा उभे करावे. या प्रस्तावावर वर्षभर चर्चा चालली. तिच्यातून पुढे आलेले प्रश्न एका मंडळापुरते नाहीत असे वाटल्यावरून हे लेखन.

२

प्रथम दोन व्यवस्थांमधील भेद स्पष्ट करायला हवा. व्यापारी समाजमाध्यमात लेखन, लेखकाची ओळख, वाचकांशी असलेला त्याचा संबंध आणि कोणाला काय दिसावे याचे नियम या चारही गोष्टी एकाच कंपनीच्या हाती असतात. विकेंद्रित व्यवस्थेत त्या वाटल्या जातात. २०१६ मध्ये जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी सुरू केलेले ‘मॅस्टोडॉन’ हे त्याचे परिचित उदाहरण होय. ही एक मुक्त संगणकप्रणाली आहे. ती कोणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतो, आपल्या समूहाचे नियम आपण ठरवू शकतो आणि तरीही दुसऱ्या सर्व्हरवरील माणसांशी बोलू शकतो. हे ज्या संकेतामुळे शक्य होते त्या ‘ॲक्टिव्हिटीपब’ला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानके ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. मराठी वाचकाला येथे वारीतील दिंड्यांची आठवण व्हावी. प्रत्येक दिंडीचा वीणेकरी, शिधा आणि मुक्कामाची व्यवस्था तिची स्वतःची असते. वाट मात्र सर्वांची एक असते, आणि एका दिंडीतला वारकरी दुसरीत गेला तर तिथला अभंग त्याला परका वाटत नाही.

वाङ्मयव्यवहाराच्या अभ्यासकाला हा भेद अगदीच अपरिचित नाही. साठच्या दशकात प्रस्थापित नियतकालिकांपासून दूर होऊन ज्यांनी अनियतकालिके काढली, त्यांनी आपापल्या परीने हाच प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केला होता. अशोक शहाणे यांचे ‘असो’, तेव्हाच्या औरंगाबादेतून निघालेले ‘वाचा’ आणि त्याच शहरात गंगाधर पानतावणे यांनी उभे केलेले ‘अस्मितादर्श’ यांच्या प्रेरणा वेगवेगळ्या होत्या. परंतु आपले लेखन कोणाच्या अभिरुचीच्या चाळणीतून जावे हे आपण ठरवावे, हा आग्रह तिन्हींत समान होता. तथापि तेव्हाच्या आणि आजच्या परिस्थितीत एक मूलभूत फरक आहे. छापील अंक मुळातच विकेंद्रित असतो. तो एकदा वर्गणीदाराच्या घरी पोहोचला की संपादक तो परत मागू शकत नाही. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. पण तिचे अंक ग्रंथालयांत आणि घरोघरच्या ट्रंकांत राहिले. नियतकालिकाचा मृत्यू हा त्यातील संहितेचा मृत्यू ठरला नाही. व्यापारी समाजमाध्यमावर मात्र वाचकाच्या हाती प्रत अशी काही येतच नाही. तो दरवेळी मालकाच्या परवानगीने, मालकाच्या दालनात जाऊन वाचत असतो. ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरअखेर बंद झाले आणि त्यावरील समूहांचा वावर संपला. मालक स्वदेशी असल्यानेही या स्थितीत फरक पडत नाही. भारतीय भाषांना प्राधान्य देणारे, मराठीतही चालणारे ‘कू’ हे माध्यम २०२० मध्ये सुरू झाले आणि जुलै २०२४ मध्ये बंद पडले.

३

आमच्या चर्चेत पहिल्यांदा अडचण आली ती ‘नेणे’ या क्रियापदापाशी. व्यापारी माध्यमे आपल्याला आपल्या लेखनाचा साठा उतरवून घेऊ देतात. म्हणजे शब्द बाहेर काढता येतात. परंतु ते ज्यांना उद्देशून लिहिले त्यांच्याशी असलेला संबंध बाहेर काढता येत नाही. उतरवून घेतलेल्या साठ्यात संवादाची गुंफण उरत नाही. ‘हो, पण तुझ्या गल्लीत तरी नळ आहे’ एवढेच वाक्य हाती येते. ते कोणाला, कशावर म्हटले होते, ते कळत नाही. याउलट मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना आपले अनुयायी आपल्याबरोबर येऊ शकतात, पण जुने लेखन मागेच राहते. एकीकडे शब्द सुटतात आणि माणसे अडकतात. दुसरीकडे माणसे सुटतात आणि शब्द अडकतात.

ही केवळ तांत्रिक अडचण असती तर तिची दखल या पानांवर घेण्याचे कारण नव्हते. संहितेला अर्थ तिच्या संदर्भातून प्राप्त होतो, असे आपण वर्गात शिकवतो. मग संदर्भापासून तोडलेले टिपण हे तेच टिपण असते काय? आणि संदर्भ म्हणजे जर इतरांचे प्रतिसाद असतील, तर माझे लेखन ‘जसेच्या तसे’ नेण्यासाठी मला इतरांचेही लेखन न्यावे लागेल. तसे करण्याचा अधिकार मला कोणी दिला? कंपनीच्या मालकीविरुद्ध तक्रार करणारे आम्ही, संवादावर आपली मालकी सांगू लागलो होतो. संवादाचा कोणी एक मालक नसतो, ही गोष्ट कंपनीला लागू आहे तशी आम्हालाही लागू होती.

४

दुसरी अडचण राहणाऱ्यांची होती. मंडळातील कित्येक जण दूरच्या तालुक्यांत राहतात. स्वस्त मोबाइलवर, मोजक्या डेटावर त्यांचे इंटरनेट चालते, आणि ते प्रायः त्या एका माध्यमापुरते असते. नवे खाते, नवा पत्ता, इंग्रजी सूचना हा खटाटोप त्यांच्या वाट्याला का यावा, असा प्रश्न एका मुलीने विचारला. तिचे पुढचे वाक्य जास्त बोचणारे होते : “सर-मॅडमला वाचायला दुसरे लोक आहेत. आम्हाला हेच आहेत.”

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात संस्थेचा दर्जा खालावू लागला की माणसांपुढे दोन मार्ग असतात असे दाखवले : निघून जाणे आणि आवाज उठवणे. निष्ठा ही या दोहोंमधील निवडीवर परिणाम करते. त्यांचे एक निरीक्षण येथे विशेष महत्त्वाचे आहे. दर्जाविषयी जे सर्वांत जागरूक असतात तेच बहुधा सर्वांत आधी निघून जातात, आणि त्यामुळे मागे राहिलेल्यांचा आवाज दुबळा होतो. निर्गमन हे असे इतरांच्या खर्चाने होऊ शकते.

भारतात नोव्हेंबर २०१९ मध्ये हे दोन्ही मार्ग एकाच वेळी दिसले. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर-खाते बंद करण्यात आले. नाझी सलामी देण्यास नकार देणाऱ्या माणसाचे एक जुने छायाचित्र आणि गोरख पांडे यांची एक हिंदी कविता ही त्याची निमित्ते होती. त्या रोषात हजारो भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले. त्याच महिन्यात पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आले, तेव्हा दलित-बहुजन लेखक-वाचकांनी ट्विटर जातीय पक्षपात करते असा आरोप करत तिथेच राहून मोहीम चालवली. ओळख प्रमाणित करणाऱ्या निळ्या खुणेचे वाटप कोणत्या निकषावर होते, याचा जाब मागितला. पहिल्यांनी दार उघडून बाहेरची वाट धरली, दुसऱ्यांनी घरातला आपला वाटा मागितला. यांतील एका मार्गाला शूर आणि दुसऱ्याला तडजोडीचा म्हणणे सोपे आहे. पण ज्याला कोणत्याही संपादकाने कधी जागा दिली नाही, त्याला या मोठ्या, अनोळखी जागेने प्रथमच वाचक मिळवून दिले असतील, तर ती जागा सोडण्याची किंमत त्याच्यासाठी वेगळी असते.

राहणे ही नेहमी संमती असते असेही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या गोपनीयता-धोरणाबद्दल मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. ‘मान्य करा, नाहीतर जा’ अशी अट असेल आणि जाण्यासारखी जागाच नसेल, तर मिळालेली संमती खरी मानता येत नाही, हा त्या आदेशामागील एक प्रमुख विचार होता. निघून जाण्याचा अधिकार कागदावर असणे आणि निघून जाता येणे यांतील अंतर मोजल्याशिवाय राहणाऱ्याचे नैतिक मूल्यमापन करता येत नाही.

५

सोडून जाण्याविषयीचा सर्वांत गंभीर विचार महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केला, आणि तो टाळून हा विषय पुढे नेता येत नाही. एक खुलासा मात्र आवश्यक आहे. धर्मांतर आणि समाजमाध्यम बदलणे यांची तुलना संभवत नाही. एकात माणसाच्या माणूसपणाचा प्रश्न होता, दुसऱ्यात बोलण्याच्या जागेचा आहे. येथे आपण फक्त सोडण्याच्या कृतीची नैतिक रचना समजून घेत आहोत.

आंबेडकरांच्या बाबतीत आवाज आणि निर्गमन हे परस्परांचे पर्याय नव्हते. त्यांत एक क्रम होता. १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि १९३० मध्ये सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह हे आतला हक्क मागणारे लढे होते. ती मागणी नाकारली गेल्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात सोडून जाण्याची घोषणा झाली. प्रत्यक्ष धम्मदीक्षा नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे एकवीस वर्षांनी झाली. घोषणा करणारा माणूस एकटा जायचे ठरवता, तर दुसऱ्या दिवशी जाऊ शकत होता. मधली वर्षे कुठे जायचे या शोधात गेली, तशीच ती सर्वांनी मिळून जाण्याच्या तयारीतही गेली. ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध असलेले मुंबईतील ३१ मे १९३६ चे भाषण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आपण का जायचे हे त्यांनी तेथे अनुयायांपुढे कारणे देऊन, शंका विचारात घेऊन मांडले. नेत्याने जाऊन इतरांनी मागोमाग यावे, असा तो व्यवहार नव्हता.

यातून एक निकष हाती येतो. सोडून जाणे नैतिक ठरते ते केवळ सोडलेल्या जागेच्या वाईटपणामुळे नव्हे. जाणाऱ्याने ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी काय केले, यावरही ते अवलंबून असते. वर्षभराची आमची चर्चा कंटाळवाणी आहे, असे म्हणून दोघे-तिघे मध्येच निघून गेले. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. परंतु तो कंटाळवाणेपणा हाच आमच्या निर्णयातला नैतिक भाग होता, असे आज वाटते.

६

विकेंद्रीकरणाविषयीही भाबडेपणा ठेवून चालणार नाही. लहान, स्वयंशासित समूह स्वभावतःच न्यायी असतो ही कल्पना आपल्याकडे ग्रामस्वराज्याच्या विचारातून आली. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या या गौरवाला कठोर शब्दांत विरोध केला, तो स्थानिक सत्तेचा अनुभव असल्यामुळे. मराठवाड्यात याचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. जुलै १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर खेड्याखेड्यांतून दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, ते एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या समूहांत झाले. कितीएक कुटुंबांना आसरा मिळाला तो शहराच्या अनोळखीपणात.

स्वतःचा सर्व्हर म्हणजे एक लहान गावच असते. तिथे कोण दिसावे, कोणाला वेशीबाहेर ठेवावे, हे ठरवणारा प्रशासक कोणी दूरची कंपनी नसून ओळखीचा माणूस असतो. त्याला हटकणे त्यामुळे सोपेही होते आणि अवघडही. ज्याला संगणक कळतो, ज्याला इंग्रजी येते, ज्याच्या खिशातून सर्व्हरचे पैसे जातात, त्याच्या हाती पाटीलकी आपोआप येते. शिवाय असे सर्व्हर चालवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. त्यांची उमेद किंवा पैसा संपला की सर्व्हरही बंद पडतात. संबंध तोडण्याचा अधिकार ही या व्यवस्थेची शक्तीही आहे. २०१९ साली द्वेषमूलक लेखनाला आसरा देण्यासाठी कुप्रसिद्ध असलेले ‘गॅब’ हे माध्यम मॅस्टोडॉनची प्रणाली वापरू लागले, तेव्हा अनेक सर्व्हरांनी आपापल्या पातळीवर त्याच्याशी संबंध तोडला. त्यासाठी कोणा एका मालकाचा हुकूम लागला नाही. पण ज्या अधिकाराने द्वेषाला दाराबाहेर ठेवता येते, त्याच अधिकाराने गैरसोयीच्या माणसालाही ठेवता येते. तेव्हा विकेंद्रीकरणाने सत्तेचा प्रश्न सुटत नाही. तो आपल्या अंगणात येतो, इतकेच. माझ्या मते हे त्याच्या बाजूचे सर्वांत चांगले कारण आहे. अंगणातल्या प्रश्नाचे उत्तरदायित्व दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही.

७

२०२३ च्या अखेरीस मंडळाने जे ठरवले ते असे. नवा सर्व्हर सुरू करायचा. त्याची व्यवस्था तिघांकडे ठेवायची, त्यांतील एक जण लातूरचा आणि एक जण संगणक न जाणणारा असावा, आणि दर वर्षी तिघेही बदलावेत. जुनी जागा बंद करायची नाही. नव्या जागेतील प्रत्येक चर्चेचा गोषवारा महिनाअखेर तिथे ठेवायचा, आणि तिथून आलेली उत्तरे इकडे आणायची. हे काम आळीपाळीने आजही चालते, कधी दोन-दोन महिने उशिराने. आणि पाण्याच्या टिपणांविषयी : प्रत्येक टिपण, प्रत्येक प्रतिसाद, त्याच्या लेखकाला विचारल्याशिवाय हलवायचा नाही. जे मिळेल ते नव्या जागेत ठेवायचे आणि त्याच्या दोन छापील प्रती बांधून एक नांदेडला, एक लातूरला ठेवायची. छापील प्रतीचा आग्रह माझा होता. त्यामागील कारण वर येऊन गेले आहे.

विचारण्याच्या या कामाला सात महिने लागले. बहुतेकांनी होकार दिला. काहींचे पत्ते लागले नाहीत; त्यांचे लेखन आहे तिथेच राहिले. एकीने मात्र स्पष्ट नकार दिला. तिचे टिपण साऱ्या संग्रहात उत्कृष्ट होते. रात्री दोनला टँकर येतो म्हणून जागणाऱ्या आईविषयी ते होते, आणि मी ते काही वर्षे वर्गात वाचूनही दाखवले होते. आज ती एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. फोनवर ती म्हणाली, “मॅडम, ते मी त्या वेळी तिथल्या माणसांला लिहिलं होतं. ते उचलून दुसरीकडं नका नेऊ. माझी माय आता नाही.” मी तिला संदर्भ, दस्तऐवज, पुढच्या अभ्यासकांची गरज असे काहीबाही सांगू लागले, आणि मग थांबले. टिपण वर्गात वाचण्यापूर्वी मी तिला कधी विचारले नव्हते, हे तेव्हा लक्षात आले.

सोबत नेण्याच्या हक्काचा विचार करताना मागे राहू देण्याच्या हक्काचा विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता. लेखन जपणे हे अभ्यासकाला निरपवाद मूल्य वाटते. ते तसे नाही. एखाद्या बोलण्याला त्याच्या जागेत, त्याच्या काळात आणि त्याच्या माणसांत संपू देण्याचा अधिकार बोलणाऱ्याला असतो. कंपनीने ते टिपण अकरा दिवस दडवले होते, तेव्हा आम्ही रागावलो, ते लेखिकेला न विचारता दडवले म्हणून. तिला न विचारता ते जपणे हे त्याच वृत्तीचे दुसरे रूप झाले असते.

त्या टिपणाला नांदेडच्या चौघांनी दिलेली उत्तरे संग्रहात आहेत, कारण त्या चौघांनी परवानगी दिली. मूळ टिपणाच्या जागी काही नाही. उत्तरे वाचताना ती कशाची उत्तरे आहेत हे नव्या वाचकाला नीटसे कळत नाही. तिथे एखादी खुलाशाची टीप द्यावी अशी सूचना आली होती. तीही द्यायची नाही असे मंडळाने ठरवले, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.